एका प्रेमकथेच्या निमित्ताने



आमच्या किशोरी गटातली एक मुलगी बैठकीला ‘ट्वायलाइट’ घेऊन आली होती. ते मी तिच्याकडून वाचायला मागून घेतलं. स्टेफनी मायर या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी २००५ साली आली. २००८ पर्यंत पुढचे तीन भाग निघाले आणि जगभर या मालिकेच्या दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. फोर्क्स नावाच्या पावसाळी गावात राहायला आलेली १७ वर्षांची बेला आणि व्हॅम्पायर, म्हणजे रक्तपिपासू, असलेला एडवर्ड यांची ही प्रेमकथा.

टीका करायची हे ठरवूनच मी वाचायला बसले. आणि कबूल करते, पहिला भाग रात्र जागून संपवला.

आक्षेप घेण्यासारखं पुष्कळ आहे. बेलाच्या नकळत एडवर्ड रात्री तिच्या खोलीत शिरतो, तिला झोपलेली पाहत बसतो. हे कळल्यावर ती सुखावते. तिसऱ्या भागात तिने एका मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून तो तिच्या गाडीच्या इंजिनाचा भाग काढून ठेवतो. शेवटच्या भागात अठराव्या वर्षी लग्न, शिक्षण बाजूला आणि जिवावर बेतणारं बाळंतपण. आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या कितीतरी बायकांची हकिगत अशीच सुरू होते : सुरुवातीला तो फार जपायचा, एकटीला कुठे जाऊ द्यायचा नाही. आपल्याकडे पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरायला २०१३ साल उजाडावं लागलं. आणि इथे तोच प्रेमाचा पुरावा!

हे सगळं मी त्या मुलीला ऐकवलं. ती म्हणाली, ‘‘ताई, पण तिलाच तो हवा असतो ना?’’

मी गप्प झाले. तिचं खरंच होतं. या गोष्टीत इच्छा मुलीची आहे. बेला ती बोलून दाखवते, तिला त्याची शरम वाटत नाही. मागे सरतो तो एडवर्ड. आपल्या मुलींना मात्र घरी, शाळेत आणि आपल्या शिबिरांतही ‘सांभाळून राहा’ एवढंच ऐकू येतं. छेडछाड, हुंडा, मारहाण यांवर आपण बोललो, ते बोलायलाच हवं होतं. पण ‘तुला कोणी आवडतं का, आवडलं तर कसं वाटतं’ हे आपण किती वेळा विचारलं? आपण सोडलेली ती जागा या पुस्तकाने घेतली.

म्हणून पुस्तक हिसकावून घेऊ नका. मुलींबरोबर बसून वाचा. मायर यांनीच २०१५ साली ही गोष्ट मुलगा-मुलगी यांची अदलाबदल करून पुन्हा लिहिली. तसं आपल्या गटातही करून पाहा. मुलगी रात्री मुलाच्या खोलीत शिरली तर काय म्हणू? काळजी कुठे संपते आणि पहारा कुठे सुरू होतो? उत्तरं मुलींनाच शोधू द्या, आणि आम्हाला जरूर कळवा.

त्या मुलीचं पुस्तक मी परत केलं आहे. पुढच्या बैठकीला ते घेऊन ये, असं सांगून.