कोर्टाची पायरी आणि शहाणपणाची म्हण



“शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,” ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आला आहात. वकिली हा माझा व्यवसाय. तेव्हा ही म्हण मला रुचत नाही याचे कारण माझ्या पोटात आहे, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे! तारखांमागून तारखा पडतात, पक्षकाराचे जोडे झिजतात, हे मी नाकारीत नाही. परंतु ही म्हण खर्चाचा हिशेब सांगून थांबत नाही. ती अकलेची व्याख्या करते. निमूट सोसतो तो शहाणा! हक्क मागणाऱ्यासाठी दुसरी म्हण तयारच आहे: “अति शहाणा त्याचा बैल रिकामा.” तेवढ्याने न भागल्यास “पायातली वहाण पायातच बरी.” बुद्धी तीच; वरच्याने चालविली तर मुत्सद्देगिरी, खालच्याने चालविली तर आगाऊपणा.

आता हे शहाणपण शिकविणारे स्वतः काय करीत होते ते पाहा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदे कौन्सिलाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांसह तेथील पाणी प्राशन केले. त्यावर महाडचे स्पृश्य काय करते झाले? आधी काठ्या, मग तळ्याची शुद्धी, आणि डिसेंबरात थेट दिवाणी दावा! तळे आमचे, अस्पृश्यांस मज्जाव ही पुरातन वहिवाट, असा त्यांचा अर्ज. ती पायरी त्यांना उंच वाटली नाही. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने त्यांचे अपील फेटाळले. वहिवाट अनादि असल्याचे त्यांना शाबीत करता आले नाही. म्हणींच्या जोरावर बिनदिक्कत चाललेली गोष्ट पुराव्यापुढे एक दशकच टिकली.

परंपरेने चालत आले एवढ्यावरून काही खरे मानू नका, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. म्हण तरी दुसरे काय असते?

“गावात राहायचे आहे, मिटवून टाका,” म्हणणारे आजही भेटतात. त्यांस शांतपणे सांगा की, १९९० पासून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांसही तो दर्जा आहे. म्हणून १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपणांसही लागू आहे. जोडे झिजण्याचे म्हणाल, तर २०१५ च्या दुरुस्तीने पीडितास व साक्षीदारास तपासाच्या आणि खटल्याच्या काळात प्रवासखर्च व निर्वाहखर्च मिळण्याचा हक्क दिला आहे. त्यासाठी अर्ज लेखी द्यावा, आणि पोच घेतल्यावाचून कचेरीतून उठू नये.