रंगाचा डबा उघडण्याआधी

काचीगुडा, सुलतान बाजार, गौळीगुडा, बडी चावडी. हैदराबादच्या या भागांतली जुनी मराठी घरं एकेक करून पाडली जात आहेत आणि त्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. वकिलीसाठी, नोकरीसाठी, शिक्षणासाठी तिकडून आलेली कितीतरी कुटुंबं इथेच स्थिरावली. घर झालं तसं घरात सामानही आलं: सागवानी कपाटं, शिसवी पलंग, वेताच्या आरामखुर्च्या, देव्हारे. आता फ्लॅटमध्ये जायची वेळ आली की या सामानाचं काय करायचं यावर घराघरांत वाद होतात. मुलं म्हणतात, पांढरा रंग मारू, नव्या घराला शोभेल. आई म्हणते, पॉलिश करू. आणि दोघांचं जमलं नाही की कपाट कबाडीवाल्याच्या गाडीवर चढतं.

अशा सगळ्या घरांना माझी विनंती आहे की आपल्याकडे नेमकं काय आहे हे आधी बघा, मग ठरवा. रंग लावायचा निर्णय महिनाभर लांबला तर काहीही बिघडत नाही. पण शिसवाच्या नक्षीत एकदा ऑइलपेंट बसला की तो कोपऱ्याकोपऱ्यातून काढताना नक्षीची धार जाते, आणि ती परत आणता येत नाही.

हल्ली मोबाइलवर व्हिडिओ येतात. जुनं कपाट घ्यायचं, त्याला चॉक पेंटचे दोन हात द्यायचे, कडा घासून मुद्दाम जुनाट करायच्या, संध्याकाळी काम तयार. हा चॉक पेंट ॲनी स्लोन या बाईंनी १९९० मध्ये इंग्लंडात आणला. तिकडे पाइनच्या स्वस्त लाकडाचं सामान भरपूर, आणि ते रंगवायची रीतही जुनी आहे. तिथे तो शोभतो. आपल्या आजोबांच्या सागवानाला तोच न्याय लावायचं कारण नाही.

ओळखायचं कसं? कपाटाचा किंवा टेबलाचा एक ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करून उजेडात धरा. तळाला आणि मागच्या बाजूला सहसा पॉलिश केलेलं नसतं, लाकूड उघडं असतं. सागवान असेल तर सोनेरी तपकिरी दिसेल, हाताला किंचित तेलकट लागेल, काचकागदाने जरा घासलं तर चामड्यासारखा वास येईल. शिसव जांभळट काळं, गडद रेघांचं, आणि उचलायला चांगलंच जड. मग कोपरे बघा. खिळे न मारता फळ्या एकमेकींत अडकवल्या असतील तर ते हाताचं, निगुतीचं काम आहे. शेवटी फळीची कड बघा. वरच्या रेघा कडेवरून खाली उतरत असतील तर लाकूड अख्खं आहे. कडेला वेगळीच पट्टी चिकटवलेली दिसली तर वर विनियर आहे, आणि त्यावर घासायचं मशीन फिरवलं तर ते पातळ पान पार निघून जाईल.

आता पॉलिश तपासा. कापसाच्या बोळ्यावर थोडं मेथिलेटेड स्पिरिट घ्या आणि दाराच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही अशा जागी, मिनिटभर टेकवून ठेवा. गॅस किंवा देवापुढचा दिवा जवळ नको, स्पिरिट लगेच पेटतं. कापूस तपकिरी झाला आणि ती जागा बोटाला चिकट लागली तर ते लाखेचं, म्हणजे चपड्याचं पॉलिश आहे. काहीच झालं नाही तर वर व्हार्निश किंवा नंतरचं कुठलं तरी पक्कं फिनिश आहे.

लाखेचं निघालं तर आनंद माना. या पॉलिशचा नवा हात जुन्या थरात विरघळून त्याच्याशी एकजीव होतो, त्यामुळे सगळं खरवडून काढावं लागत नाही. बऱ्याचदा नीट पुसून, मळ काढून, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे पातळ हात पुरचुंडीने फिरवले की काम होतं. गरम कपाची पांढरी चकती उमटलेली दिसली की लोक घाबरून म्हणतात, लाकूडच गेलं. ती चकती लाकडात नसते, पॉलिशमध्ये अडकलेली ओल असते, आणि जाणकाराच्या हाताने जाते. काळा डाग मात्र लाकडापर्यंत पोचलेला असतो, त्याला वेळ लागतो.

रंग न दिलेल्या सागवानाचं तेज किती टिकतं याबद्दल शंका असेल तर एकदा हैदराबादच्याच पुरानी हवेलीत जाऊन या. १९११ मध्ये वारलेले सहावे निझाम मीर महबूब अली खान यांचं कपड्यांचं दालन तिथे आहे. सुमारे १७६ फूट लांब, दुमजली, बर्मी सागवानाच्या कपाटांनी भरलेलं. मुलांना दाखवा. घरातल्या कपाटाबद्दलचा अर्धा वाद तिथेच मिटेल.

रंगाला माझा विरोध नाही, हेही स्पष्ट सांगते. लाकूड साधं असेल, दुरुस्तीत तीन जातींच्या फळ्या बसल्या असतील, प्लायवुड असेल, एखादी बाजू जळलेली किंवा खोलवर काळवंडलेली असेल तर रंग हाच योग्य मार्ग. मुलांच्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट रंगवलं म्हणून कुणाचा वारसा बुडत नाही. आणि रंगवल्याशिवाय सून ते घरात ठेवणारच नसेल तर खुशाल रंगवा. गोदामात धूळ खाण्यापेक्षा ते बरं. फक्त सागवान तेलकट असतं, म्हणून आधी थिनरने पुसून घ्या, नाहीतर रंग पोपडे धरतो. शिसवावर पांढरा रंग दिला की लाकडाचा लालसरपणा वर फुटतो. यावर सोपा उपाय: प्रायमरच्या आधी चपड्याचा एक हात. त्याचा आणखी एक फायदा आहे. उद्या नातवंडांना तो रंग काढावासा वाटला तर लाकडाच्या छिद्रांत रंग शिरलेला नसतो, आणि काम पुष्कळ सोपं होतं. रंगवणार असाल तर एवढी सोय त्यांच्यासाठी ठेवाच.

एका बाबतीत मात्र हयगय नको. सामानावर आधीच जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा आपल्या देशात २०१६ च्या नियमांनी ठरली, दहा लाख भागांत ९० भाग, आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल याचा भरवसा नाही. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते, गरोदर बाईलाही घातक असते. थर चांगला घट्ट असेल तर त्यावरच नवा हात द्या. काढायचाच असेल तर गच्चीवर किंवा अंगणात, पाणी शिंपडून ओला ठेवत, तोंडाला चांगला मास्क लावून काढा. ज्योतीने जाळून तर मुळीच नको. मुलांना त्या दिवशी मावशीकडे पाठवा.

काही सामानाचा रंग मुळापासूनचाच असतो. हैदराबादहून आदिलाबादकडे जाताना वाटेत निर्मल लागतं. तिथली लाकडी खेळणी आणि रंगकाम सगळ्यांना ठाऊक आहे, निर्मलच्या फर्निचरला वेगळं भौगोलिक मानांकनही आहे. हैदराबादच्या अनेक घरांत निर्मलचा एखादा पडदा, चौरंग, तबक असतं. सावंतवाडीचे रंगीत पाटही काही घरांत आहेत. अशा वस्तूचा रंग खरवडून ‘मूळ लाकूड’ काढू नका. तिथे ते चित्रच मूळ आहे, खालचं लाकूड नुसता आधार. मऊ कोरड्या फडक्याने पुसा, उन्हापासून दूर ठेवा आणि तेवढ्यावर थांबा.

कुठलंही काम सुरू करण्याआधी कीड बघायला हवी. कपाटाखाली गडद रंगाचा कागद पसरून पंधरा दिवस ठेवा. पिठासारखी ताजी भुकटी पडली तर भुंगा अजून आत आहे. आधी भोकाभोकांत सुईने औषध घाला, मग पुढचं. किडीवर रंग चढवला तर कीड आतल्या आत चालूच राहते.

पॉलिशवाला भाई बहुतेक मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) फिनिश सुचवेल. लवकर होतं आणि काचेसारखं चकाकतं. जेवणाच्या टेबलाला ते ठीक आहे, गरम भांडं आणि पाणी दोन्ही सोसतं. पण जुन्या शिसवी कपाटाला नको. त्यावर ओरखडा पडला तर तेवढीच जागा दुरुस्त करणं फार कठीण, पुष्कळदा अख्खा पृष्ठभागच घासावा लागतो. लाखेचंच हवं असं ठामपणे सांगा, मजुरी जास्त पडली तर द्या. कॉस्टिक सोड्याने धुवायचं म्हणाला तर हात धरून थांबवा. सोड्याने सागवान काळं पडतं आणि जुन्या सरसाचे जोड सुटतात. मशीनने घासायलाही परवानगी देऊ नका. हाताने, रेघांच्या दिशेने घासू द्या.

काम पावसाळ्यात काढू नका. हवेत ओल असली की लाखेच्या पॉलिशवर पांढुरका थर येतो. जुलै-ऑगस्टमध्ये ड्रॉवर अडकतात म्हणून रंधा मारून घ्यायचीही घाई नको. लाकूड फुगलेलं असतं, उन्हाळ्यात आपोआप बसतं आणि तासलेली फट मात्र कायमची राहते. दिवाळीनंतरचे कोरडे महिने यासाठी उत्तम.

नव्या घरात खरोखरच जागा नसेल तर कबाडीवाल्याला फोन करण्याआधी नात्यात विचारा. औरंगाबादची आत्या, पुण्याचा चुलतभाऊ, कुणाला तरी ते हवं असतं. फोटो काढून पाठवा आणि आठ दिवस वाट बघा. आणि सामान तुमच्याकडेच राहिलं, रंगवलं किंवा पॉलिश केलं, तरी एक काम करा. ड्रॉवरच्या तळाला पेन्सिलीने लिहून ठेवा: कुणाचं, कोणत्या घरातलं, कोणत्या साली कोणतं पॉलिश किंवा कोणता रंग लावला. पुढच्या कारागिराला स्पिरिटचा बोळा घेऊन शोधत बसावं लागणार नाही.