चित्रातली दुकानदारी

जून २०१३ मध्ये उत्तर आयर्लंडमधील फर्मॅना परगण्यात जी-८ राष्ट्रप्रमुखांची परिषद भरली. तत्पूर्वी तेथील बेल्कू गावात बंद पडलेल्या खाटकाच्या दुकानाच्या काचांवर भरल्या दुकानाची चित्रे चिकटविण्यात आली. हा प्रकार नवा नव्हे. १९८३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ओस इमारतींच्या खिडक्यांवर पडदे व कुंड्यांची चित्रे लावली गेली; त्यांनी एकाही बेघराला निवारा मिळाला नाही.

रिकामा गाळा ही बाजारपेठेने दिलेली सूचनाच असते: भाडे उतरवा, लोकांची क्रयशक्ती वाढवा. ती झाकली की उपायांची निकडही ओसरते. नवा भाडेकरू येईपर्यंत शोभेसाठी चित्र लावणे क्षम्य आहे. परंतु त्यालाच पुनरुज्जीवन म्हणणे ही नागरिकांची वंचना होय.