बावखलावरचा धक्का

उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर अशा चतुःसीमेत वसलेल्या वसईच्या बागायती पट्ट्यात, तिन्ही बाजूंनी खाऱ्या पाण्याचा वेढा असतानाही, केळीची बने, पानवेलींचे मांडव आणि मोगऱ्याची शेते पिढ्यान्‌पिढ्या हिरवीगार राहिली, याचे श्रेय येथील कष्टाळू माणसांना जितके, तितकेच ते त्यांच्या घरांच्या पाठीमागे करंजाच्या आणि केवड्याच्या सावलीत पडून असलेल्या लहान गोड्या तळ्यांना, म्हणजे आमच्याकडच्या बावखलांना, आहे. आमच्या वाडीतील अशाच एका बावखलावर यंदाच्या वैशाखात आम्ही एक लाकडी धक्का बांधला. त्या बांधकामाचा वृत्तान्त आज या सदरात सविस्तर द्यावयाचा आहे, आणि तो देताना माझी एक दृढ श्रद्धाही सांगावयाची आहे: ज्या पाण्यापर्यंत माणसाला रोज सुखाने पोहोचता येते ते पाणी टिकते, आणि ज्याची वाट मोडते ते आज ना उद्या बुजते.

पूर्वी ही वाट मुद्दाम राखावी लागत नसे. बावखलाच्या काठी रहाट असे. बैलाच्या फेऱ्यांबरोबर गाडग्यांची माळ फिरे, उपसलेले पाणी पन्हळीतून पाटाला लागे आणि पाटातून केळीच्या आळ्यांत जाई. बायका धुण्यासाठी येत, गुरे पाण्यावर येत, पोरे वाळल्या भोपळ्यांच्या आधाराने पोहायला शिकत, आणि या सर्वांच्या पायांखाली काठ आपोआप स्वच्छ राही. पुढे विजेचा पंप आला आणि रहाट मोडीत निघाला. कूपनलिका आली आणि काठाशी जाण्याचे प्रयोजनच संपले. माणसाची पावले थांबली तसे काठावर रान माजले, पाण्यावर जलपर्णी पसरली, घरातला केरकचरा टाकावयाची ती सोयीची जागा झाली, आणि जमिनीचे भाव चढू लागताच मुरुमाच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. भोवतालच्या लागवडीला ज्याने उभा उन्हाळा पाणी पुरविले, त्या बावखलाखालचे चार गुंठे सातबाऱ्यावर पुष्कळदा पोटखराब्यात जमा असतात किंवा त्यांचा स्वतंत्र उल्लेखच नसतो. त्यामुळे ते बुजविताना कोणाची हरकत येत नाही आणि बुजविल्याची दप्तरी नोंदही उरत नाही. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा आणि विरार यांचा मोठा भाग जलमय होऊन रेल्वेची वाहतूक बंद पडली, तेव्हा पाणी साठण्याच्या आणि मुरण्याच्या जागांवर घातलेला भराव हे त्या संकटाच्या कारणांपैकी एक होते, हे येथील कोणत्याही वृद्ध बागायतदारास कळत होते.

या लहान तळ्यांचे महत्त्व त्यांच्या विस्ताराने मापू नये. किनाऱ्यालगतच्या वालुकामय भूमीत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खालच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, आणि ढोबळ नियम असा आहे की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर समुद्रसपाटीच्या खाली सुमारे ४० फुटांपर्यंत गोडे पाणी सापडते. गायबेन आणि हेर्झबर्ग या दोन युरोपीय अभ्यासकांच्या नावाने तो ओळखला जातो. त्याची दुसरी बाजू भयावह आहे: अविचारी उपशाने वरची पातळी एक फुटाने खाली गेली, तर कालांतराने खालचे खारे पाणी सुमारे ४० फुटांनी वर सरकते आणि ज्या विहिरीवर तीन पिढ्या पोसल्या ती मचूळ होऊन बसते. पावसाचे पाणी समुद्राकडे धावण्यापूर्वी अडवून ठेवणारे आणि सावकाश जमिनीत उतरविणारे प्रत्येक बावखल त्या अदृश्य गोड्या साठ्यात दरवर्षी भर घालीत असते. म्हणून काठावर जे काही बांधावयाचे, ते पाण्याच्या या संथ ये-जा करण्याच्या आड येता कामा नये, हा आमच्या योजनेचा पहिला दंडक होता.

दगडसिमेंटाचा बांधीव घाट करावा, तो एकदाच खर्च होऊन कायमचा निकाल लागेल, असा सल्ला पुष्कळांनी दिला. परंतु सिमेंटाची भिंत काठाचे तोंड बंद करते, पाझर अडविते, आणि बेडूक, कासव, पाणकोंबडी यांना पाण्यातून जमिनीवर येण्याची वाट ठेवीत नाही. लाकडी धक्का मोजक्या खांबांवर उभा राहतो. त्याच्याखालून काठ जसाच्या तसा पाण्यात उतरत जातो, आणि उद्या तो नकोसा झाला तर खांब उपसून तळे पूर्ववत करता येते. आम्ही चार खांबांचा, चार फूट रुंद आणि बारा फूट लांब असा धक्का ठरविला. त्याचे जमिनीकडचे टोक जांभ्याच्या चिऱ्यांवर टेकणार होते, आणि ते चिरे पाण्याच्या कडेपासून हातभर मागे, चुन्यावाचून कोरडेच रचावयाचे होते.

उंची ठरविणे हे अशा कामातील सर्वांत नाजूक कलम होय. त्यासाठी आदल्या आषाढातच पाण्यात एक बांबू रोवून त्यावर खुणा करीत गेलो होतो. धक्क्याचे पुढचे टोक जेथे येणार होते तेथे ऐन पावसाळ्यात साडेआठ फूट पाणी भरते आणि वैशाखात जेमतेम दोन फूट उरते. पावसाळी पातळीला धरून धक्का बांधला तर उन्हाळ्यात पाणी पुरुषभर खाली जाते. उन्हाळी पातळीला धरून बांधला तर तो चार महिने बुडून राहतो. यावर उपाय एकच: माथा पावसाळी रेषेच्या हातभर वर ठेवावयाचा आणि पुढच्या दोन खांबांना धरून रुंद पायऱ्यांची शिडी थेट उन्हाळी पाण्याच्याही खाली उतरवावयाची, म्हणजे बाराही महिने कोणत्या ना कोणत्या पायरीवर पाणी हाताशी येते.

लाकडाची निवड आम्ही गावच्या एका वयोवृद्ध सुतारावर सोपविली. नवे सागवान घेण्यापेक्षा पाडलेल्या जुन्या घराचे लाकूड घ्यावे, असा त्यांचा आग्रह पडला, कारण ते पूर्ण वाळलेले, वळणे-तडकणे होऊन गेलेले आणि बहुतांशी गाभ्याचे असते. एका जुन्या घराच्या माळ्याच्या तुळया आम्हांला मिळाल्या. त्या ओट्यावर मांडून, प्रत्येकीवर वाकसाच्या बोथट अंगाने ठोके देत आणि आवाज ऐकत, सुतारकाकांनी चार तुळया खांबांसाठी बाजूला काढल्या. जेथे आवाज पोकळ आला तेथे पटाशीचे टोक रोवून पाहिले, आणि सालीकडचे फिकट लाकूड शिल्लक होते तेथे ते गाभा लागेपर्यंत तासून टाकले. खांबांचा जो भाग कायम पाण्यात राहणार त्याला काय लावावे, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “त्याला काही नको, भाऊ. लाकूड पाण्यात मरत नाही, ते पाण्याच्या तोंडाशी मरतं.”

या एका वाक्यात काष्ठशास्त्राचा अर्धा अध्याय सामावलेला आहे. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात; चिखलात किंवा खोल पाण्यात हवा नसते, म्हणून व्हेनिसची प्रासादतुल्य घरे शतकानुशतके लाकडी खुंटांवर उभी आहेत. आमच्या बावखलात मात्र पाण्याचे हे तोंड वर्षभरात साडेसहा फूट खाली-वर होते, म्हणून खांबांचा तेवढा पट्टा विशेष जपावा लागतो. दक्षिण कोकणात होड्यांच्या लाकडाला काजूच्या टरफलांचे जे काळे, दाहक तेल देतात आणि ज्यास डिंबेल म्हणतात, त्याचे दोन हात त्या पट्ट्याला आणि फळ्यांच्या खालच्या अंगाला दिले, आणि खडखडीत वाळल्यावाचून एकही जिन्नस पाण्याकडे नेला नाही. सोमलयुक्त रासायनिक लेप दिलेले तयार लाकूड बाजारात मिळते आणि ते टिकाऊही असते. परंतु ज्या पाण्यावर विहिरी जगतात त्या पाण्यात ते उभे करणे मला सर्वथैव असंमत होते.

खांब रोवण्याची विद्या कोळीवाड्यातून आली. आमच्या किनाऱ्यावरचे कोळी डोल जाळी बांधण्यासाठी भर समुद्रात खुंट मारतात. दोन होड्यांच्या मध्ये उभा धरलेला तो खुंट माणसांच्या वजनाने आणि हिसक्यांनी तळात रुतवीत नेतात, आणि मग तो भरती-ओहोटीच्या ओढीलाही दाद देत नाही. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातील एक स्नेही आपल्या दोन पुतण्यांना घेऊन आले. त्यांनी टोकदार केलेला पंधरा फुटी खांब दोरांनी ताणून ओळंब्यात उभा केला, त्याला छातीच्या उंचीवर आडवा वासा करकचून बांधला, आणि दोघे पुतणे त्या वाशाच्या दोन टोकांवर चढून आळीपाळीने डोलू लागले. पहिल्या काही हिसक्यांत खांब नुसता थरथरला. मग तळाच्या वाळूमिश्रित चिखलातून बुडबुडे उठले, खांबाने किंचित आळोखापिळोखा दिला, आणि तो बोट बोट करीत खाली सरकू लागला. वासा सोडून वर बांधावयाचा आणि पुन्हा डोलावयाचे, असे करीत करीत सूर्य माथ्यावर येईपर्यंत तो पाच फूट तळात गेला. खांबाच्या एकूण लांबीचा तिसरा हिस्सा जमिनीत असावा, हा काकांचा हिशेब आणि कोळीबांधवांचा अनुभव येथे तंतोतंत जुळला. काठाकडचे दोन खांब आखूड होते आणि त्यांच्या जागी पाणीही आटलेले होते, म्हणून ते खड्डे काढून, भोवती दगड ठेचून बसविले.

पुढील काम सुतारकीचे. खांबांच्या माथ्यांवर पाणसळ लावून एकच पातळी घेतली, खाचा पाडून तुळया बसविल्या, समोरासमोरच्या खांबांना तिरके धीरे दिले आणि सर्व सांधे जस्ताचा मुलामा दिलेल्या बोल्टांनी आवळले. खाऱ्या वाऱ्याच्या मुलखात साधा खिळा फार वर्षे इमान राखीत नाही. दीड इंच जाडीच्या फळ्या दोन-दोन सुतांच्या फटी ठेवून बसविल्या, म्हणजे पावसाचे पाणी वर थांबत नाही आणि लाकूड फुगले तरी फळी उचलत नाही. एका बाजूस कठडा केला. दुसरी बाजू पाणी भरण्यासाठी आणि पोहणाऱ्यांसाठी मोकळी ठेवली.

धक्का तयार झाल्यापासून आमच्या वाडीचा दिनक्रम बदलला आहे. पूर्वी जलपर्णी काढावयाची म्हणजे मजूर लावून कंबरभर चिखलात उतरणे होते. आता लांब काठीला दंताळे बांधून कोणीही सकाळी चार ओढी घेतो आणि काढलेली वनस्पती केळीच्या बुंध्याशी खत म्हणून पडते. पंपाच्या नळाचे तोंड पुढच्या खांबाला बांधल्यामुळे ते गाळात रुतत नाही. पाणी मोकळे झाल्यावर मासे वर दिसू लागले; डासांच्या अळ्यांचा समाचार ते घेतात, हे शेजाऱ्यांनाही पटले. बावखलाची भीती बाळगणाऱ्या घरांतील मुले कमरेला दोर बांधून, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, शिडीवरून पाण्यात उतरू लागली आहेत. पाण्यापासून मुलांना दूर ठेवणे हा सुरक्षिततेचा मार्ग नाही, ती पोहायला शिकली की निम्मे भय ओसरते, हे माझे स्पष्ट मत आहे. केरळच्या कुट्टनाडात आणि बंगालच्या खेड्यांत घरामागे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या हा संसाराचाच एक भाग असतो. वसईनेही तो आपल्या संसारात पुन्हा दाखल करावा.

ज्यांच्या वाडीत अद्याप बावखल शिल्लक आहे त्यांना माझी दोन गोष्टींची विनंती आहे. पहिली ही की, आपला सातबारा आणि नकाशा काढून पाहावा, आणि त्यात तळ्याची नोंद नसेल तर तलाठ्याकडे लेखी अर्ज देऊन ती करवून घेण्याची तजवीज करावी; जे कागदावर नाही त्याचे रक्षण करण्यास कायदाही धजत नाही. दुसरी ही की, पुढच्या वैशाखात, पाणी तळाशी गेलेले असताना, ऐपतीप्रमाणे एक धक्का बांधावा: बारा फुटांचा नसेना का, दोन खांबांची आणि चार फळ्यांची एक पायवाट असली तरी पुरे. आणि तो बांधल्यावर आपल्या कुंपणाचे फाटक शेजारच्या मुलांना रोज तासभर उघडे ठेवावे. ज्या मुलांनी या पाण्यात हातपाय मारले, ती मोठी होऊन मुरुमाची गाडी दारी आली तर तिच्या आडवी उभी राहतील. आणि असे आडवे उभे राहणारे मालक ज्या गावात असतील, त्या गावातील विहिरींचे पाणी गोडे राहील.