गांव गेलें, बाजार राहिला

मोठें शहर वाढूं लागलें म्हणजे भोंवतालच्या पेठा त्याच्या पोटांत जातात, यांत नवल नाहीं. विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, कांहीं पेठा आपली सभा व आपला हक्क राखून शहरांत शिरतात आणि कांहींचें नुसतें नांव उरतें. हा फरक दैवाचा नसून कायद्याचा आहे. लंडनने पोटांत घेतलेल्या रॉमफर्ड या पेठेचा इतिहास आमच्या व्यापारी बंधूंनीं या दृष्टीनें अवश्य पाहावा.

लंडनहून कॉल्चेस्टरकडे जाणाऱ्या जुन्या रोमन रस्त्यावर, एसेक्स परगण्यांत ही पेठ वसली. १२४७ सालीं तिसऱ्या हेन्री राजाच्या आज्ञेनें येथें मेंढरांचा बाजार भरूं लागला. ब्रॅक्टन याच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या त्या शतकांतील कायदेग्रंथांत असें म्हटलें आहे कीं, चालू बाजारापासून सहा मैल व दोन तृतीयांशाच्या आंत नवा बाजार भरल्यास तो जुन्यास उपद्रव समजावा. हिशेब सरळ आहे. मनुष्याची दिवसाची चाल वीस मैल. तिचे तीन भाग केले म्हणजे एक जाण्यास, एक सौद्यास आणि एक उजेड आहे तोंवर घरीं परतण्यास. सामान्य दुकानदाराच्या पायांची चाल कायद्यानें अशी मोजून ठेविली होती! पुढें १४६५ सालीं चौथ्या एडवर्डनें रॉमफर्डसह हॅव्हरिंगच्या मुलखास सनद दिली व तेथील न्यायाधीशही वेगळे झाले.

१८३९ सालीं आगगाडी रॉमफर्डपर्यंत आली आणि लंडन जवळ आलें. १८९२ सालीं हॅव्हरिंगचा तो स्वतंत्र अधिकार रद्द झाला. शेतांच्या जागीं घरें उभीं राहिलीं. १९५८ सालीं गुरामेंढरांचा बाजार बंद पडला. १ एप्रिल १९६५ रोजीं रॉमफर्ड एसेक्समधून निघून बृहत् लंडनांत गेलें. १७९९ सालीं एडवर्ड इंड यानें घेतलेला बीअरचा कारखानाही १९९३ सालीं बंद झाला. पेठेनें पुष्कळ गमावलें, हें आम्ही नाकारीत नाहीं.

परंतु काय राहिलें तेंही पाहावें. रॉमफर्ड व हॉर्नचर्च मिळून जो नवा विभाग झाला, त्यास हॅव्हरिंग हेंच जुनें नांव मिळालें, आणि लोकनियुक्त सभाही मिळाली. बृहत् लंडनांत असे बत्तीस विभाग आहेत व प्रत्येकाची सभा वेगळी आहे. रॉमफर्डचा बाजार आजही जुन्या चौकांत भरतो व त्याची व्यवस्था तेथील सभेकडे आहे.

आतां आपल्याकडे वळूं. १९५० सालीं वांद्रें व कुर्लें येथील नगरपालिका मुंबई महापालिकेंत विलीन झाल्या. त्यांच्या जागीं स्वतःच्या अधिकाराची दुसरी सभा आली नाहीं. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांस प्रभाग समित्या आवश्यक केल्या. पण त्यांस अधिकार किती द्यावे, हें राज्याच्या कायद्यावर सोडलें. खुद्द मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्यें संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तेथें प्रशासकाचा कारभार चालला. मूळ सभेचीच ही गत, तर समितीस कोण विचारणार?

पाणी, गटारें व मोठे रस्ते यांस एकच यंत्रणा हवी, असें विलीनीकरणाचे पुरस्कर्ते म्हणतात. तें आम्हांसही मान्य आहे. परंतु मंडईंतील ओट्याचें भाडें किती असावें, हातगाडी कोठें उभी राहावी, आठवड्याचा बाजार कोणत्या वारीं भरावा, हे प्रश्न दूरच्या कचेरींत बसून सुटत नाहींत. तेथें पेठेंतील माणसाचाच शब्द चालला पाहिजे.

म्हणून ज्या गांवांच्या वेशीवर शहर येऊन ठेपलें आहे, तेथील व्यापाऱ्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, विलीनीकरणाची अधिसूचना निघाल्यावर हरकतीचे अर्ज लिहीत बसूं नका. आपला बाजार, त्याची जागा व त्यावर आपल्या प्रतिनिधींचा अधिकार, हीं तीन कलमें आधीं कायद्यांत लिहून घ्या. शहर मागाहून उदार होईल, या भरंवशावर पेठ देऊं नये.