आहेराची वही
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत मला दुसरे पारितोषिक मिळाले. विषय होता, 'विवाहसमारंभातील उधळपट्टी'. त्या दिवशी मी तावातावाने बोलले. १९६१ चा हुंडाबंदीचा कायदा सांगितला. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी पुरोहिताशिवाय, अगदी थोडक्या खर्चात लग्न लावून दाखवले, हेही सांगितले. शेवटी मूठ आपटली. टाळ्या पडल्या. रात्री ते भाषण मी दादाला फोनवर वाचून दाखवले. तो म्हणाला, "झ्याक झालंय."

सहा महिन्यांनी दादाचे लग्न ठरले आणि त्याने सांगितले, दुसऱ्या दिवशी आपल्या दारात स्वागत समारंभ करायचा. पत्रिकेत स्वागत समारंभ, गावाच्या बोलण्यात रिसेप्शन, आणि आज्जीच्या तोंडी 'रिशिप्शन'. सहाशे माणूस, स्टेज, राजाराणीच्या खुर्च्या आणि डीजे!

माझी काय अवस्था झाली असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

आता दादाविषयी थोडे सांगितले पाहिजे. आमचा भाग आटपाडी-खानापूरचा. इथली माणसे दुष्काळाने बाहेर पडली आणि देशभर सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात शिरली. सोनाराच्या दुकानातली कस, जुने दागिने, राख, हे सगळे मुशीत गाळायचे, तेजाबात टाकायचे आणि चोख धातू वेगळा काढायचा. दादा दहावी झाला आणि गावच्याच एकाच्या दुकानात कोईमतूरला गेला. तेव्हा मी तिसरीत होते. दिवसा भट्टीसमोर बसायचे, रात्री तिथेच वळकटी पसरायची. तेजाबाच्या धुराने त्याचा आवाज बसल्यासारखा झाला आहे. आता टेंभू योजनेचे पाणी आमच्याकडे आले, आप्पांनी दीड एकर डाळिंब लावले. पण डाळिंबाला तेल्या आला की झाडावर फळ असून हातात काही नसते. माझी फी, वसतिगृहाचे पैसे, पुस्तके हे सगळे कोईमतूरहून येते. उधळपट्टीवर भाषण करायला मी ज्या चपला घालून गेले त्यासुद्धा.

अशा माणसाला, त्याच्याच पैशाने शिकून, 'तू उधळपट्टी करतोस' असे कोणत्या तोंडाने सांगायचे? तरी मी सांगितले. कारण त्याने दुकानमालकाकडून दीड लाखाची उचल घेतली होती. उचल म्हणजे काय हे शहरातल्या मित्रमैत्रिणींना कदाचित ठाऊक नसेल. पगारातून ती फिटेपर्यंत दुकान सोडता येत नाही. दादाला स्वतःचे छोटे दुकान टाकायचे होते, ते आता निदान दोन वर्षे पुढे गेले. मी वहीवर हिशेब मांडला. डीजेचे अठ्ठावीस हजार, म्हणजे त्याचा दीड महिन्याचा पगार आणि वर थोडे. त्याने हिशेब नीट वाचला. मग म्हणाला, "अकरा वर्षं दुसऱ्याच्या दुकानात झोपतोय गं. एक दीस गावानं माझ्यासाठी दारात यावं, एवढंच."

यावर माझ्या भाषणात काही उत्तर नव्हते.

आज्जीकडे मात्र होते. ती माझ्याच बाजूची असेल असे मला वाटले होते, कारण एक काडेपेटी महिनाभर पुरवणारी ती बाई. तिचे लग्न १९७३ च्या उन्हाळ्यातले, बाहत्तरचा दुष्काळ सरला नव्हता तेव्हाचे. नवरा-नवरी दोन्हीकडची माणसे खडी फोडायच्या कामावर. ती म्हणाली, "माझ्या लग्नाला मिलोच्या भाकरी आन् हुलग्याचं माडगं व्हतं. तेबी सगळ्यास्नी पुरलं न्हाई. माणसं उठून गेली. तुझा आज्जा मरंस्तवर कुणाच्या मांडवात पोटभर जेवला न्हाई बघ." म्हणजे साधे लग्न तिने पाहिले होते, फक्त ते तिने निवडलेले नव्हते.

साध्या लग्नाचा आणखी एक नमुना माझ्या पिढीनेही पाहिला. एप्रिल २०२१ मध्ये करोनामुळे सरकारने लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास अशी मर्यादा घातली होती. माझ्या आतेबहिणीचे लग्न त्यात झाले. खर्च जवळजवळ नाही. मी भाषणात हे उदाहरण आनंदाने दिले होते, 'जे कायद्याला जमले ते आपल्याला का जमू नये?' वगैरे. मात्र एक गोष्ट मी सोयीस्करपणे गाळली होती. त्याच काळात माझ्या वर्गातल्या दोन मुलींची लग्ने उरकली. आम्ही नववीत होतो. मांडव नको, जेवणावळ नको, गाव विचारायला येत नाही. स्वस्तात होतेय तर करून टाका, असा विचार झाला. शाळा उघडली तेव्हा दोन्ही बाक रिकामे होते. लग्न स्वस्त झाले म्हणजे चांगले झाले, हे समीकरण त्या दिवशीच चुकलेले होते; मला ते टाळ्यांच्या नादात दिसले नाही इतकेच.

असो. समारंभ झाला. हुंडा घेतला नाही, हे मी अभिमानाने लिहिणार होते. पण वहिनीबरोबर कपाट, भांडी आणि फ्रीज आलाच, तेव्हा अभिमान जरा बेतानेच.

शिकलेली आणि अक्षर चांगले म्हणून मला आहेर लिहायला बसवले. मांडवाच्या तोंडाशी टेबल, समोर दोनशे पानी वही. घरात शिक्षणाचा असा थेट उपयोग प्रथमच झाला. माणूस येई, पाकीट देई, मी फोडून नाव व रक्कम लिही. १०१, २०१, ५१. एका म्हातारीने अकरा रुपये आणि पायलीभर ज्वारी आणली. मी नुसते 'अकरा' लिहिले तर ती तिथेच उभी राहिली, "जुंधळंबी लिव्ह की गं बाय." शेजारी आप्पा आपल्या लग्नातली जुनी वही घेऊन बसले होते. पाने पिवळी पडलेली, कोपरे उंदराने खाल्लेले. नाव आले की ते जुन्या वहीत बोट फिरवत आणि पुटपुटत, "ह्यांच्या थोरल्याला आपुन एकावन्न घातलं हुतं." तासाभरात माझ्या लक्षात आले की सहाशे माणसे 'बोलावणे' हा आमच्या हातातला निर्णयच नव्हता. त्या सगळ्या घरांत आप्पा-आई गेली पंचवीस-तीस वर्षे जेवत आले होते. ते जेवण अंगावर होते. गावात बँकेच्या आधीपासून चालत आलेली ही देवाणघेवाण आहे. व्याज नाही, जामीन नाही, पण बुडवताही येत नाही. अर्थशास्त्राच्या आमच्या सरांनी या वहीवर एक तास घ्यावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

मी उधळपट्टी म्हणत होते त्यातला जेवणाचा भाग, म्हणजे निम्म्याहून अधिक खर्च, हा कर्जफेडीचा निघाला. डीजेचे अठ्ठावीस हजार मात्र कोणत्याही वहीत सापडले नाहीत.

जेवण बुफे होते. मसालेभात, पुरी, वांग्याची भाजी, जिलेबी, मठ्ठा. आणि नव्या पोरांसाठी मंचुरियन. आमच्या आज्जीच्या वयाच्या बायका हातात ताट धरून रांगेत उभ्या राहिल्या आणि मग ते कुठे ठेवायचे म्हणून इकडेतिकडे पाहू लागल्या. शेवटी त्या मांडवाच्या कडेला जमिनीवर बसल्या. त्यांचे पाहून आणखी माणसे बसली. बघता बघता दोन ओळी समोरासमोर झाल्या आणि पंगत आपोआप बसली. भावकीतली पोरे वाढायला धावली. दादा स्टेजवरून उतरला आणि कोट घातलेल्या अवस्थेत जिलेबीची पाटी घेऊन पंगतीत वाकून फिरला. "घ्या की मामी, एकच." फोटोवाला वैतागला.

हे पाहून मला गहिवरून आले, आणि बुफेविरुद्ध एक जोरदार परिच्छेद मी मनात लिहूनही टाकला. पण रात्री आज्जीनेच तो खोडला. ती म्हणाली, जुन्या पंगतीत कोण कुठे बसणार हे ठरलेले असे. गावकुसाबाहेरच्या घरांची पंगत वेगळी, मांडवाच्या बाहेर, आणि सगळ्यांचे उरकल्यावर. त्या माणसांना भात कधी कधी खरवडीचाच मिळे. आमच्या बुफेच्या रांगेत मात्र कोण कोणाच्या मागे उभे आहे हे कोणी पाहत नव्हते. पंगतीची माया खरी, पण ती सर्वांच्या वाट्याला आलेली नव्हती. मंचुरियनच्या टेबलापाशी जी गोष्ट सहज घडली ती पंगतीला इतक्या वर्षांत जमली नाही, हे मान्य करायला जड जाते, तरी मान्य करते.

आता नाच. आठ वाजता डीजे सुरू झाला. छातीत धडधड होईल असा आवाज. दादाबरोबर काम करणारी चार पोरे दोन रात्री रेल्वेत काढून कोईमतूरहून आली होती. ती आणि दादा जे नाचले! दादाला नाचता येत नाही. तो नुसते हात वर करून उड्या मारत होता. चेहरा असा की मी तो कधी पाहिला नव्हता. मला आधी हसू आले, मग हसल्याची लाज वाटली. मी वही मिटली आणि उठून त्यांच्यात गेले. दोन मिनिटे झाली असतील. तात्यांनी मनगट धरून बाजूला ओढले. "कालिजात जातीस म्हणून गावाम्होरं नाचतीस व्हय?" मी पुन्हा टेबलाशी येऊन बसले. मांडवातल्या सगळ्या बाया कडेने उभ्या राहून तोंडाला पदर लावून बघत होत्या. वहिनीसुद्धा खुर्चीत बसून. तिच्याही लग्नाचा तो नाच होता.

बरोबर दहाला पोलीस पाटील आले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. हा नियम मी पर्यावरणशास्त्राच्या तासाला पाठ केला होता, पण गावात तो पाळला जाताना प्रथमच पाहिला. डीजे थांबला. पोरे कुरकुरत पांगली. कानात दडे बसलेले, मांडव अर्धा रिकामा. आणि मग आत्याने पदर खोचला. कोणीतरी टाळी धरली. झिम्मा सुरू झाला. पाठोपाठ फुगड्या. आईने माझा हात धरला आणि आम्ही फुगडी घातली. माझ्या आईला मी कामावाचून कधी पाहिलेले नाही. तिचे पाय इतके हलके असतील असे मला वाटले नव्हते. वहिनीला ओढून आणले. गुडघे दुखतात म्हणून आज्जी बाजेवर बसून टाळ्या वाजवत होती आणि चुकलेल्यांना शिव्या देत होती. हे साडेअकरापर्यंत चालले. खर्च शून्य.

'डीजे नको, झिम्मा हवा' असा निष्कर्ष काढून हा लेख इथे संपवता आला असता. पण मला तो पुरता पटत नाही. झिम्म्याला तात्या काही बोलले नाहीत, कारण पुरुष पांगल्यावर, दिवे कमी झाल्यावर, बायकांनी बायकांत नाचायला परवानगी आधीपासूनच आहे. माझे म्हणणे असे की माझ्या भावाच्या लग्नात माझ्या भावाबरोबर, उजेडात, मला नाचायचे होते. भाषणासाठी फुल्यांचे नाव घेताना मी त्यांच्याकडून फक्त काटकसर उचलली. पुढे ग्रंथालयात नीट वाचले तेव्हा कळले की १८८७ साली त्यांनी जी मंगलाष्टके प्रसिद्ध केली त्यांत वधू स्वतः बोलते आणि स्त्रियांच्या हक्कांबद्दल वराकडून वचन मागते. लग्न किती रुपयांत लागले याबरोबरच त्यात बाईला बोलायला मिळाले का, हाही त्यांचा प्रश्न होता. मी अर्धाच प्रश्न घेऊन बक्षीस मिळवले. कर्ज काढून डीजे आणू नये हे माझे मत आजही कायम आहे. पण आणलाच, तर त्याच्यासमोरची जागा निम्मी आमची आहे. हे तात्यांना मी अजून सांगितलेले नाही. हा अंक घरी नेईन तेव्हा ते वाचतीलच.

आठव्या दिवशी दादा कोईमतूरला परत गेला. वहिनी सध्या इकडेच आहे. तिकडे खोली मिळाली की जाईल. आहेराचे पैसे उचलीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे निघाले, ते त्याने मालकाला दिले.

नवी वही माझ्या ताब्यात आहे. पुढच्या महिन्यात चावडीशेजारच्या घरी लग्न आहे. वहीत त्यांच्या नावापुढे २०१ आहेत. मी दादाला फोनवर विचारले, किती घालायचे. तो म्हणाला, "अडीचशे एक घाल. आन् आज्जीला पंगतीत बसव, उभं नगं ऱ्हाऊ दिऊस."