अंगणातले इंग्रजी



पोटाला चिमटा काढून आपण मुलाला इंग्रजी माध्यमात घालतो. तीन वर्षांनी मूल फळ्यावरचे झरझर उतरवून घेते, कविताही घडाघडा म्हणते. पण पाहुण्याने इंग्रजीत एक साधा प्रश्न विचारला की ते आईच्या पदराआड जाते. मराठी शाळेत इ. स. २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आले, तरी तिथेही पुष्कळ मुलांची हीच अवस्था. आमच्या कचेरीतसुद्धा इंग्रजीत टिपणी लिहिणारे अनेक आहेत, पण इंग्रजी बोलणाऱ्याचा फोन आला की सगळ्यांना एकदम फायली आठवतात!

याचे एक कारण असे, की आपण भाषा वहीपासून सुरू करतो. आपल्या तान्ह्याकडे पाहा. 'इकडे ये', 'चेंडू दे', 'टाटा कर' हे सारे त्याला कळते, ते तसे करूनही दाखवते आणि बोलू लागते ते पुढे काही महिन्यांनी. अमेरिकेतील मानसशास्त्राचे प्राध्यापक जेम्स अ‍ॅशर यांनी नेमके हेच हेरले. १९६० च्या दशकात त्यांनी विद्यार्थ्यांना जपानी भाषेतून हुकूम ऐकवले आणि त्याप्रमाणे उठायला, बसायला, चालायला लावले. बोलायची सक्ती नाही. या पद्धतीला 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' असे नाव आहे. कल्पना त्याहून जुनी आहे. हॅरल्ड आणि डोरोथी पामर यांचे कृतीतून इंग्रजी शिकवणारे पुस्तक टोकियोत १९२५ सालीच निघाले होते.

आपल्या मुलांना यासाठी नवा खेळ शिकवायलाही नको. 'शिवाजी म्हणतो' सगळ्यांना येतो. तोच इंग्रजीत खेळायचा. 'शिवाजी सेज, स्टँड अप' म्हटले तर उठायचे; नुसते 'स्टँड अप' म्हटले तर जागचे हलायचे नाही. आईबापांना इंग्रजी येत नसले तरी अडत नाही. सहावी-सातवीतल्या ताईकडून किंवा दादाकडून दहा हुकूम पाठ करून घ्यावेत. स्टँड अप, सिट डाऊन, वॉक, स्टॉप, टर्न, जंप, टच युअर नोज, एवढ्यावर आठवडा जातो.

मात्र एक गोष्ट सांभाळावी. पहिले दोन-तीन दिवस हुकूम देणाऱ्याने स्वतः कृती करून दाखवावी, नंतर हात बांधून उभे राहावे. नाहीतर मुले तुमच्याकडे बघून उठतात-बसतात आणि कान झोपलेलेच राहतात. क्रमही रोज बदलावा. 'वॉक' आणि 'डोअर' पक्के झाले की 'वॉक टू द डोअर' जोडावे. मग 'पुट द बुक ऑन युअर हेड' असा विचित्र हुकूम द्यावा. मुले हसतात, आणि 'ऑन' म्हणजे काय हे पुन्हा सांगावे लागत नाही.

चुकला तो बाद, हा नियम मला मुळीच पटत नाही. जो कच्चा तोच आधी बाहेर बसतो, म्हणजे ज्याला सरावाची गरज जास्त त्यालाच कमी मिळतो. बाद करण्याऐवजी त्याने एक उडी मारावी आणि पुन्हा यावे. उच्चार चुकला म्हणून हसणे तर नकोच. तोंड एकदा मिटले की ते उघडायला वर्षे जातात.

'कलर कलर' खेळात रंगांची नावे येतात, ठिकरीच्या घरांत आकडे घालून लंगडी घातली की अंक येतात. या खेळांनी व्याकरण येईल, परीक्षेत गुण वाढतील, असे मी म्हणणार नाही. वाचन-लेखन वेगळे करावेच लागेल. पण इंग्रजी ऐकताच छाती धडधडते, ती भीती कमी होऊ शकते. आणि काही दिवसांनी एखादे मूल आपणहून म्हणते, 'आता मी सांगतो.' तेव्हा खुशाल सांगू द्यावे. मुलींची पाळी तर आवर्जून यावी. जी घरात दिवसभर हुकूम ऐकते, तिच्या हुकमावर भावाने बसावे-उठावे, यात गंमतही आहे. सोबत 'प्लीज'ही शिकवावे, नाहीतर मुले दुकानदारालासुद्धा 'गिव्ह मी' म्हणून मोकळी होतील.

रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. खोली दहा बाय दहाची असेल तर चालण्या-पळण्याचे हुकूम गच्चीवर किंवा समाजमंदिराच्या अंगणात द्यावेत. घरात नाक, कान, डोके, पुस्तक एवढेच. आणि खालच्या मजल्यावर कोणी रात्रपाळी करून झोपले असेल, तर 'जंप' संध्याकाळपर्यंत राखून ठेवावे.